पडद्यावरील परकी नायिका

बोलपट पाहतांना आपण कथेंत रमून जातों. परंतु ती कथा कोणाच्या दृष्टीनें सांगितली आहे, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. निरनिराळ्या वंशांचीं माणसें पडद्यावर दिसलीं म्हणजे सर्वांस न्याय मिळाला, असें आपण मानतों. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहण्यास ‘प्रँसेस ताम-ताम’ हा १९३५ सालचा फ्रेंच बोलपट उत्तम उदाहरण आहे.

त्याचे दिग्दर्शक एडमाँ ग्रेव्हिल व नायिका जोसेफीन बेकर. १९०६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबांत जन्मलेली ही नर्तकी १९२५ सालीं पॅरिसला आली व अल्पावधींत विख्यात झाली. त्या काळीं तिच्या वर्णाच्या स्त्रीस पडद्यावर बहुधा दासीचीच भूमिका मिळे. अशा वेळीं ती नायिका झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

कथानक असें: मॅक्स नांवाचा फ्रेंच कादंबरीकार पत्नीशीं कलह होऊन ट्युनिसियांत जातो. हा देश १८८१ पासून १९५६ पर्यंत फ्रान्सच्या अंमलाखालीं होता. तेथें त्याला आल्विना ही निर्धन, खोडकर मुलगी भेटते. इकडे आपली पत्नी पॅरिसमध्यें एका महाराजांच्या सहवासांत रमली आहे, अशी वार्ता येतांच तिला मत्सर वाटावा म्हणून मॅक्स आल्विनेला पॅरिसच्या रीतिभाती शिकवितो व राजकन्या म्हणून तेथें मिरवितो. अखेर एका मेजवानींत ढोलाच्या नादानें बेभान होऊन आल्विना नाचूं लागते. पुढें पतिपत्नींचा समेट होतो. मग उलगडा होतो कीं, पॅरिसचा हा सारा भाग मॅक्सच्या कादंबरींतला होता. आल्विनेनें आपला देश कधीं सोडलाच नव्हता!

अशा बोलपटाची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी.

पहिला प्रश्न: कोणाचें सोंग कोण घेतें? ट्युनिसियाची मुलगी झाली अमेरिकेची नर्तकी. ‘महाराज’ ही पदवी आपल्या देशांतली. परंतु ती भूमिका केली जाँ गालां या फ्रेंच नटानें. जणूं युरोपाबाहेरचीं सारीं माणसें एकाच सांच्यांतलीं!

दुसरा प्रश्न: कोणाच्या इच्छेला मोल आहे? आल्विनेला शिकविलें जातें, नटविलें जातें, दाखविलें जातें. तिच्या प्रेमाला मात्र फळ नाहीं. बेकरच्याच १९३४ च्या ‘झूझू’ या बोलपटांतहि तिचा प्रियकर दुसरीचा होतो. नायिकेनें गावें, हंसवावें, नाचावें. संसार मात्र गोऱ्या नायिकेनें करावा, असा हा अलिखित नियम दिसतो.

तिसरा प्रश्न: लेखणी कोणाच्या हातीं आहे? ती मॅक्सच्या हातीं आहे. त्याच्या पुस्तकाचें नांव ‘संस्कृति’. आणि शेवटीं आल्विनेच्या घरीं एक गाढव त्याचें पान खाऊन टाकतें! या विनोदांत पॅरिसच्या डौलाची थट्टा आहे, हें कबूल केलें पाहिजे. तरीहि ‘संस्कृति पॅरिसची आणि रानवटपणा आल्विनेचा’ ही वांटणी तशीच राहते.

म्हणून हा बोलपट त्याज्य समजावा काय? नव्हे. बेकरची प्रतिभा त्यांत लपत नाहीं, आणि तिचें जीवन तर त्या भूमिकेहून कितीतरी मोठें ठरलें. १९३७ सालीं ती फ्रान्सची नागरिक झाली. दुसऱ्या महायुद्धांत तिनें फ्रान्सच्या मुक्तिलढ्यास गुप्तपणें साह्य केलें. १९६३ सालीं वॉशिंग्टन येथील समान हक्कांच्या विराट सभेंत ती बोलली. १९७५ सालीं ती निवर्तली, आणि २०२१ सालीं पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकांत तिला स्थान मिळालें. असा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी स्त्री होय.

विद्यार्थिमित्रहो, हींच तीन मापें आपल्या नाटकांस व गोष्टींसहि लावून पाहा. आपण ज्यांना केवळ हंसण्यासाठीं रंगमंचावर आणतों, त्यांच्या हातीं लेखणी दिली तर ते कोणती कथा लिहितील? सर्व मानव एकाच परमेश्वराचीं लेकरें आहेत, असें आपण म्हणतों. तर मग प्रत्येकाची कथा त्याच्या तोंडून ऐकण्याची तयारीहि आपण ठेविली पाहिजे.