झटक्यानंतरचे ३६ वर्ग

मंडळाच्या गणेशोत्सवात खुर्च्या उचलणाऱ्यांत मी पुन्हा दिसलो, तेव्हा "अहो, तुम्हाला हे चालतं का?" असे अनेकांनी काळजीने विचारले. उत्तर लिहूनच द्या, असा संपादकांचा आग्रह पडला. मी डॉक्टर नव्हे, इंजिनिअर आहे. अनुभवले आणि विचारून घेतले तेवढेच सांगतो.

२०२३ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ५९ व्या वर्षी, मला हृदयविकाराचा झटका आला. एक स्टेंट घालून तिसऱ्या दिवशी घरी पाठवले. छाती बरी होती, पण मन धास्तावलेले. जिना चढताना मी नाडी मोजायचो. सौ. दुधाचा गॅलनही उचलू देईना. भारतातून फोन येत, "आता फक्त आराम कर." सल्ला प्रेमाचा, पण जुना. पूर्वी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत असत. आता स्थिरावलेल्या रुग्णाला देखरेखीखाली व्यायामाला लावतात. त्याने पुन्हा झटका येण्याचा आणि हृदयविकाराने दगावण्याचा धोका कमी होतो.

घरी येतानाच्या कागदांत 'कार्डियाक रिहॅब'ची शिफारस होती. चालायला काय शिकायचे, म्हणून मी ती ड्रॉवरमध्ये टाकली! जानेवारीत डॉक्टरांनी खडसावले तेव्हा गेलो. आठवड्यातून तीन वर्ग, असे बारा आठवडे. छातीला इलेक्ट्रोड लावून ट्रेडमिल, मग सायकल, पुढे दोन पौंडांची वजने. नर्स समोर पडद्यावर ईसीजी पाहत असते, मध्येच ब्लड प्रेशर घेते. बीटा ब्लॉकर गोळीमुळे नाडी फार वाढत नाही, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबायचे नाही. त्याऐवजी ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टी भिंतीवर लावलेली असते. मला ११ ते १३ मध्ये राहायला सांगितले होते. सोपी खूण अशी, की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. (मला एरवीही येत नाही, असे सौ.चे मत.)

तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर नाडी मोजायचे मी विसरलो. खरा फायदा तिथेच झाला.

आता पैशांचे. माझ्या विम्यात दर वर्गाला ४० डॉलर कोपे, म्हणजे ३६ वर्गांचे १,४४० डॉलर. वास्तविक रुग्णालयाच्या बिलाने माझी २०२३ ची 'आउट ऑफ पॉकेट' मर्यादा संपली होती. नोव्हेंबरअखेर सुरुवात केली असती, तर डझनभर वर्ग फुकट पडले असते. १ जानेवारीला मीटर पुन्हा शून्यावर आले. ड्रॉवरची किंमत सुमारे ४८० डॉलर! तेव्हा रुग्णालयातून निघतानाच विमा कंपनीला फोन करून कोपे, मर्यादा आणि पूर्वपरवानगी विचारावी. आईवडील मेडिकेअरवर असतील, तर झटक्यानंतर १२ महिन्यांच्या आत शिफारस असल्यास पार्ट बी मधून साधारण ३६ वर्ग मिळतात. डिडक्टिबलनंतर सहसा २० टक्के आपण भरायचे. रुग्णालयात वर्ग असेल तर तिथला कोपे वेगळा.

घरी व्यायाम करताना छातीवर दडपण, जबड्यात वा हातात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप वाटली, की थांबावे. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर एक घ्यावी. पाच मिनिटांत आराम नसेल तर ९११. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. भरपेट जेवणानंतर लगेच चालायला निघू नये. थंडीत मी मॉलमध्ये चालतो. बर्फ मात्र शेजारचा मुलगा काढतो. तेवढे नर्सने बजावूनच सांगितले आहे.

फॉर्म किंवा विम्याच्या पत्राबद्दल विचारायचे असेल, तर दिवाळीच्या कार्यक्रमात मला जरूर गाठावे. मी खुर्च्यांपाशीच असेन.