हायपो की हायपर?

प्रश्न : राजारामपुरीत रिक्षाच्या भोंग्यावरून थायरॉइड शिबिराची जाहिरात फिरते. कधी ‘हायपो’ ऐकू येतं, कधी ‘हायपर’. आईला थायरॉइड आहे. दोन्ही एकच का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, हे दोन आजार एकमेकांच्या अगदी उलट आहेत. हायपोमध्ये ग्रंथी संप्रेरक कमी बनवते. वजन वाढतं, थंडी सोसत नाही. हायपरमध्ये ते जास्त बनतं. वजन घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात. हायपोला थायरॉक्सिनची गोळी देतात. हायपरच्या रुग्णाने तीच घेतली, तर धडधड आणखी वाढते. म्हणून उच्चारातली ही चूक क्षुल्लक नाही.

रिपोर्ट वाचतानाही गल्लत होते. हायपोमध्ये टीएसएच (पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) बहुधा वाढलेला दिसतो, कारण मंदावलेल्या ग्रंथीला पिट्युटरी जास्त जोर लावत असते. आईंचा रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना किंवा सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा, निदान कागदावर लिहून घ्या. भोंग्यावर ऐकून गोळी सुरू किंवा बंद करू नका.

जाहिरातीत औषधाने गलगंड हमखास बरा होतो असा दावा असेल, तर आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यानुसार त्याला बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे जरूर तक्रार करा.