त्वरक : अनेकांच्या सहकाराचे यंत्र

पदार्थाच्या अंतरंगाचा शोध घ्यावयाचा तर विद्युत्भारित कणांना प्रचंड वेग द्यावा लागतो. हे कार्य करणाऱ्या यंत्रास त्वरक म्हणतात. मोठा त्वरक उभारणे एकट्या विद्यापीठाच्या आवाक्यातील नसते. म्हणून येथे सहकार आवश्यक ठरतो.

मुंबईचा पेलेट्रॉन त्वरक भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून १९८८ साली कार्यान्वित केला. त्यावर अणुगर्भाचा अभ्यास चालतो.

सावरगाव ज्या मध्य प्रदेशात आहे, त्याच राज्यात इंदूर येथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथील ‘इंडस-२’ या त्वरकाच्या वर्तुळाचा परीघ १७२.५ मीटर आहे. चुंबकांच्या प्रभावाने वळताना त्यातील इलेक्ट्रॉन प्रखर क्ष-किरण बाहेर टाकतात. हे किरण निरनिराळ्या मार्गांनी प्रयोगकक्षांत पोहोचतात. एका विहिरीवर अनेक मोटा चालाव्यात, तसे अनेक संशोधक-गट एकाच वेळी काम करतात. विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांची संयुक्त संस्था विद्यापीठीय संशोधकांना अशा सोयी मिळवून देते.

जॉर्डनमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या ‘सेसमी’ केंद्रात इराण व इस्रायल हे परस्परविरोधी देशही सदस्य झाले, हे विशेष होय.

संशोधनासाठी स्वतःचे महागडे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. चांगला प्रश्न व पक्की तयारी हवी. ही तयारी गावच्या शाळेतील विज्ञानाच्या तासापासूनच सुरू होते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे.