वेटलिफ्टिंग : आधी काठी, मग वजन



वजन उचलणे हे नुसते ताकदीचे काम आहे, असे पुष्कळांना वाटते. म्हणून मधल्या सुट्टीत आपल्यातली काही मुलं मोठा दगड उचलायची पैज लावतात. सुगीच्या दिवसांत कुणी धान्याचं पोतं हिसका देऊन उचलतो आणि मग चार दिवस कंबर धरून बसतो. खरे पाहता वजन उचलणे ही एक विद्या आहे. ऑलिंपिकमध्ये तिचा स्वतंत्र खेळ आहे. त्याला वेटलिफ्टिंग किंवा भारोत्तोलन म्हणतात. त्याची मी जमवलेली माहिती पुढे देत आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळात दोन प्रकार असतात. पहिला 'स्नॅच'. यात वजन जमिनीवरून एकाच दमात डोक्यावर न्यायचे. दुसरा 'क्लीन अँड जर्क'. यात वजन आधी खांद्यावर घ्यायचे, उभे राहायचे आणि मग डोक्यावर न्यायचे. 'प्रेस' नावाचा तिसरा प्रकारही पूर्वी होता. तो १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर बंद झाला. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात व दोन्हींतल्या सर्वांत जास्त वजनांची बेरीज करतात.

पुरुषांचा लोखंडी दांडा २० किलोचा व स्त्रियांचा १५ किलोचा असतो. लाल चकती २५ किलो, निळी २०, पिवळी १५ आणि हिरवी १० किलो. चकत्या निसटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना अडीच-अडीच किलोच्या कड्या लावतात. आता गणित करा : पुरुषांच्या दांड्याला दोन्हीकडे एकेक लाल चकती लावली, तर एकूण वजन किती? २० + ५० + ५ = ७५ किलो.

सरावाचे नियम

१. सुरुवात काठीने करावी. पहिले काही आठवडे वजन नकोच. एक हलकी काठी दोन्ही हातांत रुंद धरून डोक्यावर न्यावी. कोपरे ताठ ठेवून पूर्ण बैठक मारावी. टाचा उचलता कामा नयेत. दिसायला सोपं आहे, पण करून पाहा! खांदे आणि घोटे आखडलेले असले, की काठी पुढे येते.

२. पाठ सपाट ठेवावी. दांडा पायाच्या मध्यावर घ्यावा, गुडघे वाकवावेत, छाती वर व नजर समोर. पोक काढून ओढले तर सगळा ताण कमरेवर येतो.

३. दांडा अंगाजवळून न्यावा. घागर कमरेवर घेतली तर चालता येते, पण हात लांब करून तीच घागर धरली तर हात लगेच भरून येतो. आपण शिकलेला तरफेचा नियम तो हाच. वजन अंगापासून जितके दूर, तितके ते जड जाते.

४. हात म्हणजे नुसता दोर समजावा. विहिरीतून पाणी शेंदताना दोर काही जोर लावत नाही, माणूस लावतो. तसेच येथे पायांनी जमीन दाबायची आणि हात सरळ ठेवायचे. कोपरे लवकर वाकली, की पायांचे बळ वाया जाते.

५. आधी सावकाश, मग झटका. गुडघ्यापर्यंत दांडा सावकाश येतो. मांडीवर आला, की अंग झटकन ताठ करायचे. गंमत अशी, की खेळाडू वजन फार उंच नेतच नाही. वजन वर जात असतानाच तो स्वतः त्याच्याखाली बसतो, ते बैठकीत झेलतो आणि उठतो. म्हणून जोर-बैठकांपैकी बैठका इथे फार महत्त्वाच्या.

६. पकड पक्की असावी. आधी अंगठा दांड्याभोवती आणि त्याच्यावर बोटे. हाताला लावतात ती पांढरी पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. ती घाम शोषून घेते. फळ्यावरचा खडू वेगळा.

७. वजन सोडायलाही शिकावे. तोल गेला तर हट्टाने धरून ठेवू नये. वजन पुढे पडत असेल तर आपण मागे सरावे, मागे पडत असेल तर पुढे सरावे. त्यासाठी जागा मोकळी हवी. चपला घालून किंवा एकट्याने सराव करू नये. जाणकार मार्गदर्शक जवळ हवाच.

८. वही ठेवावी. एका दमात एक ते तीन वेळाच उचलावे, मग विसावा घ्यावा. किती उचलले ते लिहावे. वाकड्यातिकड्या रीतीने उचललेले धरू नये. वजन थोडे थोडेच वाढवावे. भाकरी, डाळ, उसळ, दूध किंवा अंडी पोटभर खावीत आणि आपल्या वयाला नऊ तास तरी झोप घ्यावी.

खेळाडूंची उदाहरणे

मणिपूरची मीराबाई चानू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधींत अपयशी ठरली. तिने सराव सोडला नाही. २०१७ साली ती जगज्जेती झाली. २०२१ साली टोकियोला ४९ किलो गटात तिने ८७ आणि ११५, असे २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार तिने डोक्यावर पेलला!

आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. त्याने एकूण २४८ किलो उचलले. कोपराला दुखापत झाल्याने पुढचे वजन पेलले नाही आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. त्याच वर्षी मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने ४५ किलो गटात ज्युनियर जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. असे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय.

पालकांना विनंती

वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, असे म्हणतात. पण मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, वयाला झेपेल असा सराव केला तर तसे होत नाही, असे तज्ज्ञ सांगतात. धोका आहे तो पैजेचा आणि घाईचा. दुसरे असे, की हा खेळ मुलींचा नव्हे, असेही म्हणतात. घरात हंडे, कळश्या आणि सरपणाचे भारे कोण वाहते? मग मुलीला तालमीत पाठवायला हरकत का असावी? ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना हा खेळ २००० साली सिडनीत प्रथम खुला झाला, आणि तेव्हाच कर्णम मल्लेश्वरीने भारताला कांस्यपदक मिळवून दिले.

मित्रांनो, खेळाडू व्हा अगर होऊ नका, पण पोतं, भारा किंवा दप्तर काहीही उचलताना गुडघे वाकवा, पाठ सपाट ठेवा, वजन अंगाशी घ्या. आणि दगडाची पैज? ती सोडून द्या. त्याऐवजी मधल्या सुट्टीत काठी घेऊन बैठक मारायची पैज लावू. बघू, कुणाची टाच उचलत नाही ते!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी