दोन मिनिटांच्या चित्रफितीत काय दाखवावे?



संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली ठराव करून २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन म्हणून जाहीर केला. तो जवळ आला की शाळा-कॉलेजांतून पोस्टर, पथनाट्य आणि अलीकडे चित्रफितींच्या स्पर्धा होतात. मोबाईल हातात असल्याने दोन मिनिटांची चित्रफीत काढणे आपल्या मुलांना अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्या दोन मिनिटांत काय दाखवायचे हे ठरवणे.

अशा चित्रफिती आपण पाहिल्या आहेत. अंधारी खोली, सुई, खोकणारा मुलगा, रडणारी आई, शेवटी कबरीवरचा क्रूस आणि 'ड्रग्जला नाही म्हणा' हे शब्द. मुले मनापासून काम करतात, परीक्षक बक्षीसही देतात. पण अशा प्रचाराने मुले व्यसनापासून दूर राहतात का, हे आपण सहसा विचारत नाही.

अमेरिकेत ते विचारले गेले. तेथील सरकारने १९९८ पासून मुलांसाठी टीव्ही, रेडिओ व मासिकांतून जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. २००४ पर्यंत तिच्यावर सुमारे एक अब्ज डॉलर खर्ची पडले. मुले जाहिराती पाहत होती, त्यांना त्या आठवतही होत्या. परंतु सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीत गांजाचे सेवन कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट, जाहिराती अधिक पाहिलेल्या मुलांमध्ये 'बाकीचे सगळे ओढतातच' ही समजूत बळावल्याची चिन्हे दिसली. एवढा गाजावाजा चालला आहे त्या अर्थी सगळीकडे हेच चालत असणार, असा मुलांनी त्याचा अर्थ लावला असावा.

२००५ साली 'अबव्ह द इन्फ्लुअन्स' ही वेगळी मोहीम सुरू झाली. तिचा भर भीतीवर नव्हता. माझे निर्णय मी घेईन, मला जे व्हायचे आहे त्याच्या आड हे येऊ देणार नाही, असा तिचा सूर होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ही मोहीम माहीत असलेल्या मुलांपैकी ८ टक्के मुलांनी गांजा सुरू केला, तर माहीत नसलेल्यांपैकी १२ टक्के मुलांनी. फरक मोठा नाही, पण विचार करायला लावणारा आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही जून २०१४ मध्ये, रोमला परिषदेसाठी आलेल्या अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांशी बोलताना हाच धागा पकडला होता. ड्रग्जला नाही म्हणायचे तर जीवनाला, प्रेमाला, शिक्षणाला, खेळाला, कामाच्या संधींना हो म्हणावे लागते, असे त्यांचे सांगणे होते.

आता हा 'हो' कसा म्हणायचा? येथे आइसलँड या छोट्या देशाचे उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिनाभरात कधी तरी दारूच्या नशेत होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. हे भाषणांनी घडले नाही. खेळ, संगीत, नृत्य यांचे वर्ग वाढवले गेले. राजधानी रेकयाविकमध्ये दर मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम या वर्गांसाठी दिली जाऊ लागली, म्हणजे गरिबाचे पोरही मागे राहू नये. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर फिरू नये असा कायदा झाला. आईवडिलांनी मुलांबरोबर अधिक वेळ घालवावा, शाळेच्या पालकसभांना यावे, मुलांचे मित्र ओळखावेत, असा आग्रह धरला गेला. थोडक्यात, मुलांपेक्षा मोठ्यांनीच आपले वागणे अधिक बदलले.

आणि इथे आपली थोडी अडचण होते. आपले युवक मंचावर व्यसनाविरुद्ध नाटिका करतात आणि त्याच आठवड्यात लग्नाच्या मांडवात त्यांच्याच काका-मामांच्या हाती ग्लास असतो. मुलांना हे दिसत नाही असे आपण समजतो. चित्रफितीत एखाद्या मुलाने हे दाखवले तर आपण ते खपवून घेऊ का, हेही पाहायला हवे.

आणखी एक गोष्ट. चित्रफीत दाखवली जाते तेव्हा सभागृहात अशी एखादी आई बसलेली असते, जिचा मुलगा व्यसनात आहे, किंवा नुकताच उपचार घेऊन परतला आहे. पडद्यावरचा 'व्यसनी' तिला आपल्याच मुलासारखा दिसतो. बघणारे हसले तर ती पुढच्या रविवारी मिस्साला मागच्या बाकावर बसेल, कदाचित येणारही नाही. म्हणून आपल्या आळीतला कोणी ओळखू येईल असे पात्र घेऊ नये. बरे होऊन आलेल्याने स्वतःहून बोलायचे ठरवले तर गोष्ट वेगळी. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणसे बाहेर येतात. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 'कृपा फाउंडेशन'चे काम सुरू केले, तेव्हापासून असंख्य कुटुंबांनी हे अनुभवले आहे. आज मदत हवी असलेल्यांसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही विनाशुल्क हेल्पलाईनही आहे. चित्रफितीच्या शेवटी घोषणेऐवजी हा क्रमांक दिला तरी चालेल.

मग दाखवायचे काय? संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळून घामाघूम झालेली पोरे. गायकवृंदाचा सराव, त्यात चुकणारा एक आवाज आणि सगळ्यांचे हसणे. नाताळचा गोठा बांधताना रात्री उशिरापर्यंत चाललेली गंमत. बापाबरोबर बावखलात पोहायला शिकणारा मुलगा. हे सारे दाखवायचे तर ते आधी असायला मात्र हवे.

युवा गटाने आणि पालकांनीही या आठवड्यात एकत्र बसून काही प्रश्नांवर बोलावे. आपल्या धर्मग्रामातील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शनिवारी संध्याकाळी सात वाजता कोठे असतो? खेळात किंवा गाण्यात ज्याला गती नाही, त्याला आपण कोठे बोलावतो? आणि चर्चच्या मैदानावरचे दिवे किती वाजता बंद होतात, ते कोण बंद करते, आणि का?