पॅरोल मंडळाची रचना व कार्यपद्धती : जॉर्जिया राज्याचे उदाहरण

'पॅरोल' हा शब्द आपल्या वाचकांस परका नाही. परंतु आपल्याकडे त्याचा अर्थ निराळा रूढ झाला आहे. १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनुसार बंदी आप्ताचा मृत्यू, गंभीर आजार अशा कारणांसाठी काही दिवस घरी जातो आणि पुन्हा कारागृहात परततो. अमेरिकेत मात्र पॅरोल म्हणजे शिक्षेची मुदत संपण्यापूर्वीच, देखरेखीच्या अटीवर मिळणारी मुक्तता होय. अटी पाळणाऱ्या बंद्यास परत जावे लागत नाही. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन नीट उलगडणार नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची व्यवस्था वेगळी आहे. त्यांपैकी दक्षिणेकडील जॉर्जिया राज्याचे मंडळ अभ्यासण्याजोगे आहे, कारण इतके विस्तृत अधिकार फार थोड्या मंडळांकडे आहेत. तेथे पूर्वी क्षमादानाचा अधिकार गव्हर्नरकडे असे. १९३० नंतरच्या दशकात माफी पैसे मोजून मिळते असा बोभाटा झाला, आणि १९४३ साली, एलिस अर्नॉल गव्हर्नर असताना, हा अधिकार घटनादुरुस्तीने एका स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आला. पॅरोल, माफी, शिक्षेत सूट, इतकेच नव्हे तर मृत्युदंडाचे जन्मठेपेत रूपांतर करणे, हे सारे मंडळाच्या हाती आले. आपल्या राज्यघटनेच्या १६१ व्या अनुच्छेदान्वये राज्यपालांस असलेला अधिकार तेथील गव्हर्नरला नाही, ही गोष्ट भारतीय वाचकास चमत्कारिक वाटेल.

आज मंडळावर पाच सभासद आहेत. त्यांची नेमणूक गव्हर्नर करतो व सिनेट तीस संमती देते. मुदत सात वर्षांची असून सर्वांची मुदत एकाच वेळी संपत नाही. त्यामुळे एखाद्या गव्हर्नरला एका झटक्यात संपूर्ण मंडळ आपल्या मर्जीतील माणसांनी भरता येत नाही. तरीही नेमणुकीचे मूळ गव्हर्नरच्या कार्यालयातच राहते. राजकारणापासून मंडळ दूर गेले आहे, सुटलेले नाही, असेच म्हणणे अधिक योग्य.

नेहमीच्या पॅरोल प्रकरणात बंदी मंडळापुढे उभाच राहत नाही. निर्णय कागदपत्रांवरून होतो. गुन्ह्याचे गांभीर्य आणि तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव या दोहोंचे कोष्टक मांडून किती महिने कारागृहात काढावेत याची शिफारस तयार होते; ती बंधनकारक नसते. नंतर प्रत्येक सभासद स्वतंत्रपणे मत नोंदवितो. तिघांचे मत जुळले की निर्णय झाला. परंतु कायदेमंडळाने या विवेकाला वेळोवेळी कुंपण घातले आहे. १९९५ पासून खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा आदी सात गुन्ह्यांसाठी किमान दहा वर्षे पॅरोल नाही. अशा गुन्ह्यांत जन्मठेप झाल्यास मंडळाला प्रथम विचार करता येण्यापूर्वी चौदा वर्षे, आणि १ जुलै २००६ पासूनच्या गुन्ह्यांसाठी तीस वर्षे जावी लागतात.

मृत्युदंडाच्या प्रकरणात मात्र मंडळ दोन्ही बाजूंची माणसे बोलावून ऐकते. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ट्रॉय डेव्हिसची विनंती अशाच सुनावणीनंतर फेटाळली गेली व दुसऱ्याच दिवशी शिक्षेची अंमलबजावणी झाली. कोणत्या सभासदाने काय मत दिले हे जाहीर होत नाही, आणि मंडळाची कागदपत्रे कायद्याने गोपनीय आहेत. दबावापासून संरक्षण म्हणून या गोपनीयतेचे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी पोकळ नाही. पण ज्याची विनंती नाकारली जाते त्यास कारण समजत नसेल, तर पुढील खेपेस त्याने काय सुधारावे?

मंडळाने आपला निर्णय स्वतः तपासल्याचे एक ठळक उदाहरण मात्र उपलब्ध आहे. लीना बेकर या कृष्णवर्णीय स्त्रीस १९४४ साली केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने एका दिवसात मृत्युदंडास पात्र ठरविले. आत्मसंरक्षणार्थ हे कृत्य घडले, असे तिचे म्हणणे होते. नव्याने स्थापन झालेल्या मंडळाने दया नाकारली व मार्च १९४५ मध्ये तिला विजेच्या खुर्चीत मृत्यू आला. २००५ साली, साठ वर्षांनंतर, कुटुंबीयांच्या विनंतीवरून त्याच मंडळाने तिला माफी दिली. तिचा दोष नव्हता असे त्याने म्हटले नाही. दया नाकारणे ही आपली घोर चूक होती, एवढेच म्हटले.