नको असलेली जाहिरात : तक्रार करतानाही न्याय हवा

जाहिरातीशिवाय धंदा चालत नाही. हातगाडीवाला आरोळी देतो, दुकानदार पाटी लावतो. ज्याला नको तो पुढे निघून जातो. मोबाइलवरच्या जाहिरातीचे तसे नाही. सांडोरच्या शिंप्याला यंत्र थांबवून फोन घ्यावाच लागतो, कारण तो गिऱ्हाइकाचाही असू शकतो. पलीकडून कोणी कर्ज किंवा जमिनीचा प्लॉट विकत असला की वेळही जातो आणि डोकेही तापते. अशा वेळी काय करावे, आणि आपण स्वतः जाहिरात पाठवताना काय पाळावे, हे या धड्यात पाहू.

प्रथम ओळख. अनाहूत संदेशांचे तीन प्रकार पडतात. पहिला सेवेचा : बँकेची नोंद, मालाची पोच. तो जाहिरात नव्हे. दुसरा जाहिरातीचा. तिसरा फसवणुकीचा : ओटीपी मागणारा, लिंक उघडायला लावणारा. तिघांना एकच माप लावणे हा अन्याय आहे. ओळखायला एक खूण आहे. २०२५ च्या नियमदुरुस्तीनंतर नोंदणीकृत एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी अक्षर असते : पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरलेले आहेत.

जाहिरात नको असेल तर १९०९ वर फोन करून नोंद करता येते. अशी राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. सगळेच बंद करण्याची गरज नाही. बँक-विमा, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य असे विषय निवडून बंद करता येतात. साध्या क्रमांकावरून जाहिरात आली तर सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करावी. क्रमांक, तारीख आणि मजकूर थोडक्यात सांगावा. यासाठी आधी नोंद केलेली असण्याची अट आता नाही. पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० वर कळवावे.

आता न्यायाचा भाग. फोनवर बोलणारी मुलगी किंवा मुलगा पगारावर काम करतो. त्याला शिव्या देऊन मालकाला काही लागत नाही. "नको, पुन्हा करू नका" एवढे स्पष्ट सांगावे. तो क्रमांक "चोर" म्हणून गटागटांत फिरवू नये. ठग दुसऱ्याचा क्रमांक दाखवू शकतात आणि निरपराध माणसाची अब्रू जाते. ओळखीच्या व्यापाऱ्याने एकदा संदेश पाठवला तर आधी त्यालाच सांगावे. ऐकले नाही तर तक्रार आहेच.

दुसरी बाजू आपली. समजा, ईदच्या आधी एका शिंप्याने वहीतल्या तीनशे क्रमांकांवर स्वतःच्या मोबाइलवरून "शिलाईत सूट" असा एसएमएस पाठवला. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांनी तक्रार केली की दूरसंचार कंपनीला कारवाई करावी लागते. पहिल्या दोषाला पंधरा दिवस बाहेर जाणारे फोन व संदेश बंद. पुन्हा तसेच केले तर वर्षभर जोडणीच तोडली जाते आणि नाव काळ्या यादीत जाते. ऐन हंगामात पंधरा दिवस फोन बंद म्हणजे काय, हे कारागिराला सांगायला नको.

"आपले कपडे तयार आहेत" हा त्या गिऱ्हाइकाला पाठवलेला निरोप सेवेचा आहे. त्याच ओळीला "नव्या मालावर सूट" जोडले की तो जाहिरात होतो. दोन्ही एकत्र करू नयेत.

मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचेच असतील तर २०१८ च्या ट्रायच्या नियमांप्रमाणे दूरसंचार कंपनीकडे व्यवसायाची नोंदणी करून नाव व मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. छोट्या दुकानदाराला पाटी, हस्तपत्रक आणि तोंडी शिफारस पुरते. बिल करताना "नवे कापड आले की कळवू का?" असे विचारावे. "हो" म्हणणाऱ्यालाच कळवावे, आणि तो "पुरे" म्हणाला की त्याच दिवशी वहीतून नाव काढावे. व्हॉट्सॲपला हे ट्रायचे नियम लागू नाहीत, पण तेथेही लोकांनी तक्रार केली की खाते बंद होऊ शकते.

दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नये, ही आपल्याला लहानपणापासूनची शिकवण आहे. गिऱ्हाइकाचा मोबाइल हे त्याचे घरच समजावे. आपल्याला जे नकोसे वाटते ते आपण दुसऱ्याला पाठवत नाही ना, हे संदेश सोडण्यापूर्वी पाहावे. तेवढ्याने गिऱ्हाईक टिकते आणि फोनही चालू राहतो.